चालता खिळा

"ह्यो हितं काय करालाय?" माझ्या टेबलावरचा खिळा उचलून त्याने माझ्या नाकासमोर धरला.

बेळगावहून छोटा मास्तर म्हणून मी त्या स्टेशनात सकाळीच रुजू झालो होतो. अंगात नवा कोट होता आणि पहिला चहासुद्धा अजून आला नव्हता. समोर गुडघ्यापर्यंत पंचा नेसलेला, उघड्या अंगाचा, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा घेतलेला एक म्हातारा उभा. वाऱ्याने कागद उडत होते म्हणून कोपऱ्यात पडलेला रुळाचा एक खिळा मी कागदांवर ठेवला होता. एवढाच माझा गुन्हा.

"कागद दाबायला ठेवलाय," मी म्हणालो. खरं तर "तू कोण?" असं दरडावून विचारायला हवं होतं.

"कागद दाबायला? आगगाडी धरणारा गडी ह्यो, आन् तुमी त्याला कागदावर बसिवला? लाज वाटत न्हाई?"

खिळा त्याने पिशवीत टाकला आणि रामराम न करता चालता झाला. बाहेर पोर्टरला सांगताना त्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "शिकलेलं दिसतंय, पर खुळं हाय."  आमच्या घरात वडीलधाऱ्यांनीही मला असं कधी झापलं नव्हतं.

लोंढ्याच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी, रानात हरवलेलं ते स्टेशन. मालगाड्या नि पॅसेंजर थांबायच्या त्या पाण्यासाठी. म्हाताऱ्याला सगळे चावीवाला म्हणत. रुळाखाली जे आडवे ठोकळे असतात त्यांना तिकडे सिलपाट म्हणतात. लोखंडी सिलपाटांना रूळ धरायला लोखंडी पाचरी असतात, त्याच चाव्या. आमच्याकडची सिलपाटं मात्र लाकडी, त्याच रानातल्या मत्तीची नि जांब्याची. त्यांना चाव्या नसत, खिळे असत. वीतभर लांब, चौकोनी अंगाचे, डोकं एका बाजूला वाकलेलं. ते वाकडं डोकं रुळाच्या पायावर घट्ट बसलं की रूळ हलत नाही. पण गाड्या जाऊन जाऊन खिळे वर येतात. रोज आपल्या हद्दीतून चालत जायचं आणि वर आलेला प्रत्येक खिळा ठोकून खाली बसवायचा, हे चावीवाल्याचं काम.

आता हे काम माणूस मुकाट्याने करू शकतो. हा करत नसे. वर आलेल्या खिळ्याला तो शिव्या देई. मराठी संपली की कानडी, कानडी संपली की कोकणी. "उठलास व्हय रं भाड्या? गाडी आली की तुला उभं ऱ्हायाचं सुचतंय?" मग घाव. पुढचा खिळा जागेवर असला तर त्याचं कौतुक, "हां, ह्यो बघा, ह्याच्या आयबापानं चांगलं वळान लावलंय." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्याबरोबर माझी बायको होती. त्या शिव्या ऐकून ती जी मागे फिरली ती परत कधी रुळाकडे फिरायला आली नाही.

माणसांची चौकशी तो करत नसे. कोण आजारी, कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, त्याला पत्ता नसे. वळणावरच्या खिळ्यांची खुशाली मात्र तो मला रोज न विचारता सांगे.

एकदा त्याने भर उतारावर मालगाडी थांबवली. लाल फडकं हलवत रुळांमध्ये उभा! ड्रायव्हर गोव्याकडचा, अंगाने जाडजूड, तोंडाने फटकळ. खाली उतरला, मीही स्टेशनातून धावत गेलो. मला वाटलं रूळ तुटला, दरड आली, गेलाबाजार गवा तरी आडवा आला असेल. चावीवाला शांतपणे एका खिळ्याजवळ बसला होता. प्रत्येक खिळ्याला दोन घाव घालायचा त्याचा शिरस्ता, आणि ह्या खिळ्याला एकच घातला की काय अशी शंका त्याला घरी भाकरी खाताना आली होती. भाकरी टाकून तो पळत आला होता. सगळ्यांसमोर त्याने तो दुसरा घाव घातला, हिरवं फडकं दाखवलं आणि म्हणाला, "आता जावा." ड्रायव्हर मलाच शिव्या घालत इंजिनावर चढला. उशिराचा जाबही मलाच द्यायचा होता.

आणि त्याचं घर! वळणापलीकडे त्याची झोपडी होती, तिच्यात एक खिळा नव्हता. खांब, वासे, दार, सगळं रानातल्या वेलांनी नि काथ्याने बांधलेलं. वारा आला की अख्खं घर कुरकुरायचं. आत बसलो असताना माझं लक्ष सारखं छपराकडे. "अरे, चार खिळे मार की," मी म्हणालो. तर मलाच विचारतो, "धरायला आगगाडी असताना लुगडी टांगायला खिळं?"

यामागे नुसतं खूळ नव्हतं. त्या भागात रुळाच्या खिळ्याला फार मागणी होती. कुंभारवाड्यापासून दिग्गीपर्यंत लोकांची पक्की समजूत, की ज्या खिळ्याने आगगाडी धरली तो काहीही धरू शकतो. नांदायला न राहणारी सून, गोठ्यात न थांबणारी गाय. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, पोरं न जगणाऱ्या घरात मूल. बाळंतिणीच्या उंबऱ्यात तो खिळा ठोकायचा, म्हणजे बारसं होईपर्यंत बाळाचा जीव उंबरा ओलांडत नाही. पण त्यातही भेद होता. गंजून बाजूला टाकलेला खिळा मेलेला. त्याचा उपयोग नाही. खिळा पाहिजे चालता, म्हणजे गाडीखालचा, रूळ धरून बसलेला. आणि तो काढल्यावर त्याची जागा मोकळी राहिली पाहिजे. तिथे दुसरा खिळा बसला की पहिल्याचं काम संपलं, तो मेला. हे सगळं मला पोर्टरने गंभीर चेहऱ्याने सांगितलं आणि मी कपाळावर हात मारला. रूळ मोकळे ठेवून लोक आपली पोरं जगवणार!

म्हणून चावीवाला डोळ्यांत तेल घालून फिरे. कुणी रुळाकडे नुसतं वाकून बघितलं तरी हातोडा उगारून धावे. त्याने कुणाची गय केली नाही. सख्ख्या मेव्हण्याचीही नाही, आणि ती हकीकत आठवली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

हा मेव्हणा दिग्गीचा, भातशेती करणारा साधा माणूस. चावीवाल्याची बायको लेक लहान असतानाच वारली. ती लेक या मेव्हण्याने आणि त्याच्या बायकोने दिग्गीत नेऊन पोटच्या पोरीसारखी वाढवली, तिचं लग्न करून दिलं. त्यांना स्वतःला मूल जगत नव्हतं. पुन्हा एकदा पाळणा हलला तेव्हा तो रान तुडवत चावीवाल्याकडे आला आणि एक खिळा मागितला. चावीवाल्याने हाकलून दिलं. मग त्याने वळणावरचा एक खिळा पहारीने उपटला आणि तिथेच पकडला गेला.

त्याच्याच मुंडाशाने त्याचे हात बांधून चावीवाला त्याला माझ्यासमोर घेऊन आला. "लिवा मास्तर. चोर हाय."

"अरे, हा तुझ्या बायकोचा भाऊ ना? तुझी पोर वाढवली याने!"

"व्हय. लिवा."

मेव्हणा एवढंच म्हणाला, "दाजी, बारसं हुंदे. मग मीच आणून ठोकतो." चावीवाल्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. रस्त्याच्या साहेबाने, म्हणजे ट्रॉलीवरून लाइन तपासत फिरणाऱ्या गोऱ्या इन्स्पेक्टरने, साक्ष दिली आणि मेव्हणा तुरुंगात गेला. तो आत असतानाच इकडे त्याचं मूल गेलं. ही बातमी मीच चावीवाल्याला सांगितली. तो खिळ्याला दुसरा घाव घालेपर्यंत थांबला, मग म्हणाला, "आयकलं." आणि पुढच्या खिळ्याकडे गेला. असा माणूस मी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागलो.

पुढे काही वर्षांनी त्याची लेक बाळंतपणाला बापाच्या झोपडीत आली. तिला कुंभारवाड्याला दिली होती आणि तिचीही आधीची दोन मुलं बारशाच्या आतच गेली होती. दिग्गीच्या घरी दाजीचं नाव निघत नव्हतं, म्हणून ती बापाकडेच आली असावी. मुलगा झाला. माझ्या बायकोने तिच्यासाठी अळिवाचे लाडू केले आणि डबा माझ्या हाती दिला. रुळाकडेने निघालो. दुपारच्या पॅसेंजरची शिट्टी घाटात ऐकू येत होती.

वळणावर आलो आणि पाहतो तर रुळालगत खडीवर एक माणूस पालथा पडलेला. मला वाटलं प्रेतच. मग त्याने मान वर केली. चावीवाला! लांब पहार आडवी धरलेली, तिचं टोक सिलपाटात रोवलेलं, दुसरं टोक खांद्याशी, आणि रूळ बाहेर सरकू नये म्हणून सगळं अंग त्या पहारीवर टाकलेलं. मी ओरडलो. इंजिन वळणावर आलं होतं. त्याने मान खडीत घातली. एकेक डबा त्याच्या अंगाशेजारून घणघणत गेला आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी गेली होती, लाडू खडीत पडले होते आणि तो अंगावरची धूळ झटकत उठत होता.

पहार निघाली तिथे एक चौकोनी भोक होतं. खिळा नव्हता.

"कुणी काढला?"

"म्या."

माझा कानांवर विश्वास बसेना. एका खिळ्यावाचून गाडी पडत नाही, शेजारचे खिळे रूळ धरतात, हे मला ठाऊक होतं. पण हे वळण, बाहेरचा रूळ, गाडीत बायकापोरं, आणि खिळा काढणारा कोण, तर हा!

"तुझ्या पिशवीत नवे खिळे आहेत ना? मार एक!"

"नवा मारला की उंबऱ्यातला मेला. जागा मोकळी ठिवायची. तवर हितं मी हाय."

"तवर म्हणजे?"

"बारसं हुईपातुर."

"प्रत्येक गाडीला? रात्रीच्या सुद्धा?"

"मग? रात्री गाडी उडून जाती व्हय?"

आता मात्र माझा तोल सुटला. "आणि तो मेव्हणा? त्याला बांधून आणलास! त्यानेही बारशापर्यंतच मागितला होता!"

तो खाली बसला. लाडू वेचून फुंकून डब्यात भरू लागला. वेचता वेचता म्हणाला, "लेकीनं मागितला न्हाई, मास्तर. म्या झोपडीत गेलो तर तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मेव्हण्यानं बी तसंच बघितलं हुतं."

मोठ्या मास्तरांना सांगितलं असतं तर तासाभरात तार गेली असती. माझ्या मनात वेगळंच आलं. ह्या माणसाच्या तोंडावर थुंकायचा हक्क जगात एकाच माणसाला आहे, त्यालाच बोलवावं. दिग्गीचे लोक लाकडं घेऊन स्टेशनात आले होते, त्यांच्याकडून मी मेव्हण्याला निरोप धाडला. "दाजीने वळणावरचा खिळा स्वतः काढलाय. येऊन बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. तुरुंगातून सुटल्यावर तो चांगलाच वाकला होता. मी मुद्दाम त्याच्याबरोबर वळणावर गेलो. आता काय होतंय याची मला धास्तीही होती आणि, लपवत कशाला, जरा समाधानही वाटत होतं. चावीवाला पहार घेऊन गाडीची वाट बघत होता. मेव्हण्याला पाहून उभा राहिला आणि हात खाली सोडून दिले, मारायचं तर मार म्हणून.

मेव्हण्याने वाकून ते भोक बघितलं. त्यात बोट घातलं. मग विचारलं, "पोरगा हाय न्हवं?"

"व्हय."

"दूध पितोय?"

"पितोय."

"जेवलासा काय, दाजी?"

चावीवाल्याने मान हलवली. नाही.

"मग जावा. जेवा, घटकाभर पडा. ही गाडी मी धरतो." आणि त्याने दाजीच्या हातातून पहार काढून घेतली, टोक भोकात रोवलं आणि खडीवर पालथा पडला.

मी स्टेशनात परत कसा आलो ते मला आठवत नाही. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "उद्यापासून दोघांची भाकरी मी पाठवते." आमच्याच घरात हे! 

रस्त्याचा साहेब आगाऊ वर्दी न देता आला तो त्यानंतर दोनच दिवसांनी. ट्रॉलीवर मला शेजारी बसवून घेतलं. चार माणसं ढकलत होती. वळण जवळ येऊ लागलं. निदान आत्ता गाडीची वेळ नाही, तिथे कुणी नसेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो. पण ट्रॉलीने रूळ वाजले होते ना! मेव्हणा इमानाने पहार रोवून खडीवर पडलेला. ट्रॉलीसाठीसुद्धा!

साहेबाने ट्रॉली थांबवली. भोक बघितलं, पहार बघितली, माणूस बघितला आणि ओळखला. तेच वळण, तोच गुन्हा, तोच माणूस. "फिर तुम?"

मेव्हणा उठला. "व्हय सायेब. म्याच काढला."

मी चाट पडलो. तोंड उघडणार तेवढ्यात झोपडीकडून चावीवाला भाकरीचं फडकं घेऊन येताना दिसला. त्याला लांबूनच सगळं कळलं. तो धावत आला. "खोटं बोलतोय त्यो. खिळा म्या काढला."

"दाजी, गप ऱ्हावा!" मेव्हणा खालच्या आवाजात म्हणाला. "मला आतलं सगळं ठावं हाय. मी जातो. तुमी हितं पडून ऱ्हावा. बारसं हुंदे."

साहेबाला मराठी कळत नव्हती. त्याने ट्रॉलीवाल्यांना मेव्हण्याला धरायला सांगितलं. दोघांनी त्याचे दंड धरले.

चावीवाल्याने एकदा मेव्हण्याकडे बघितलं, एकदा झोपडीकडे. मग त्याने पिशवीत हात घालून नवा खिळा काढला.

"ठोकू नकोस!" मेव्हणा किंचाळला. आयुष्यात पहिल्यांदा तो दाजीला एकेरी बोलला असेल. "अरं, पोरगा जाईल! ठोकू नकोस! मी जातो की आत!"

चावीवाल्याने खिळा भोकावर उभा केला. शिवी नाही, शब्द नाही. एक घाव. दुसरा घाव. खिळ्याचं वाकडं डोकं रुळाच्या पायावर बसलं. मग त्याने हातोडा साहेबाच्या बुटांपाशी ठेवला, पिशवी ठेवली, आणि आपले दोन्ही हात पुढे केले. मेव्हण्याच्या अंगातलं बळच गेलं. दंड धरलेले असतानाच तो खाली बसला आणि मोठ्याने रडू लागला. साहेब माझ्याकडे बघून विचारत होता की हा माणूस का रडतो.  माझ्याच डोळ्यांना धार लागली होती.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत खरं काय ते सांगितलं. साहेबाने मेव्हण्याला सोडलं आणि चावीवाल्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. खटला मात्र केला नाही; का, ते त्यालाच ठाऊक.

ट्रॉली गेल्यावर दोघे झोपडीकडे निघाले. मी मागोमाग. दारापाशी दोघांचे पाय थांबले. आत जायला कुणी धजेना.  उंबऱ्यातल्या खिळ्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, तरी मीही बाहेरच थांबलो. अखेर चावीवाला आत गेला. लेक म्हणाली, "बा, हात तरी धू." त्याने न ऐकता बाळ उचललं आणि छातीशी धरून बसला. घास खायला म्हणूनसुद्धा त्याने ते खाली ठेवलं नाही. हात भरून आले तेव्हा मेव्हण्याने घेतलं. मी निघालो तोवर असंच चाललं होतं.

थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. मूल जगलं का, हे पत्र लिहून विचारायचाही धीर मला झाला नाही.

पाच-सहा वर्षांनी काही कामासाठी पुन्हा त्या भागात, सुप्याला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. गर्दीत एक म्हातारा दिसला, अगदी वाळलेला, घामाने निथळणारा. त्याच्या खांद्यावर एक मुलगा बसला होता. लहान नव्हे, चांगला शाळेत घालायच्या वयाचा, धट्टाकट्टा. पाय म्हाताऱ्याच्या पोटापर्यंत लोंबत होते. म्हातारा प्रत्येक पावलाला कण्हत होता आणि शेजारून दुसरा म्हातारा मिठाची पिशवी घेऊन चालला होता.

"चावीवाला!" मी ओरडलोच.

त्याने मला ओळखलं. रामराम तेव्हाही केला नाही.

"अरे, हा तोच? लेकीचा?" माझा आनंद मला आवरेना. लगेच रागही आला. "मग त्याला खाली उतरव! मरशील एखाद्या दिवशी! एवढा घोडा झालाय, चालता येत नाही का त्याला?"

"येतंय की," मुलगाच वरून म्हणाला. "ह्ये दोघं सोडत न्हाईत."

चावीवाल्याला धाप लागली होती. मुलाचे घोटे त्याने दोन्ही मुठींत आवळून धरले होते. म्हणाला, "नवा म्याच ठोकला न्हवं, मास्तर? मग ह्याला धरणार कोण? घरात माय हाय. भाईर आमी दोघं."

 मेव्हण्याने मिठाची पिशवी माझ्याच हातात दिली, दाजीशेजारी येऊन खांदा लावला आणि मुलाला म्हणाला, "ये बाबा, आता माझी पाळी." मुलाने सवयीने एक तंगडी उचलली आणि तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला.

त्याचा पाय जमिनीला लागला नाही.